महत्त्वाकांक्षा दोषांत बसत नाही

महाविद्यालयातल्या इंग्रजी विभागाचे प्रमुख निवृत्तीला चार महिने असताना निलंबित झाले आणि त्यांच्या जागेसाठी अर्ज मागवण्यात आले. प्रमुखांचा लोभ कार्यालयाच्या नजरेस वेळीच आणून दिला गेला असता तर पुढचं टळलं असतं, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला होता. म्हणून यापुढे प्रत्येक उमेदवाराने आपला एक ठळक स्वभावदोष विहित नमुन्यात, पुराव्यासह, दोन प्रतींत जोडावा, असं परिपत्रक निघालं.

प्राध्यापकांना ते वाचून मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. एकवीस वर्षं ते एलिझाबेथच्या काळातली इंग्रजी नाटकं शिकवत होते. शूर सेनापती, प्रकांड पंडित, मुत्सद्दी सरदार. माणसं अशी की बघत राहावं, आणि दोष एकच, महत्त्वाकांक्षा. तेवढ्यापायी पाचव्या अंकात सगळे भुईसपाट. हे सांगताना प्राध्यापकांचा आवाज असा लागायचा की मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवायची. ते स्वतः मात्र एकवीस वर्षं होते तिथेच होते. आता दोष दाखवून वर चढायची सोय झाली होती, आणि या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'महत्त्वाकांक्षा'.

आस्थापना विभागातल्या बाईंनी अर्ज परत सरकवला.

"सर, हा दोष नाही. गुणांच्या यादीत आहे हा."

"अहो बाई, चारशे वर्षं हा दोष आहे!"

"असेल. आमच्याकडे यादी गेल्या महिन्यात आली. दोषांत घ्यायचा तर त्यापायी कुणाचं तरी नुकसान झाल्याचा पुरावा लागेल. झालंय का कुणाचं?"

प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कुणाचंच झालं नव्हतं.

"मग अर्ज अपूर्ण. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उशीचा अभ्रा झटकला.

"एकवीस वर्षांत एका माणसाचं नुकसान करता आलं नाही तुम्हाला? मागून आलेले कुठल्या कुठे गेले."

"अगं, पण असं उगाच कुणाचं..."

"खरं करायला कोण सांगतंय? कागदोपत्री करा."

कागदोपत्री नुकसान करायला जवळचं माणूस बरं पडतं. प्राध्यापकांच्या जवळचं माणूस म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मॅडम. दोघं एकाच वर्षी रुजू झाले होते, दोघांत मिळून एक कपाट होतं, आणि प्राध्यापक टायफॉइडने झोपले तेव्हा दीड महिना त्यांचे तास मॅडमनीच घेतले होते. मॅडमनीही अर्ज केला होता. दोष, 'माणसांवर चटकन विश्वास टाकणे'. त्यांचाही पुरावा अडला होता. फसवणारं कोणी सापडत नव्हतं.

गुरुवारी प्राध्यापकांनी तक्रार लिहिली. मॅडम उत्तरपत्रिका न वाचताच गुण देतात, असं तिच्यात होतं. ते खोटं होतं, पण मुद्देसूद होतं.

दुपारी मॅडम तक्रारीची प्रत घेऊन समोर येऊन बसल्या.

"तू लिहिलंस हे?"

"फक्त फायलीपुरतं गं. अर्ज मंजूर झाला की मागे घेतो."

"मला सांगायचंस तरी. मीच लिहून दिली असती. ऱ्हस्वदीर्घ तरी नीट झाले असते."

त्या हसल्या नाहीत. खाली जाऊन तक्रारीची झेरॉक्स काढली आणि पुरावा म्हणून आपल्या अर्जाला जोडली. दोघांचेही अर्ज एकाच दिवशी परिपूर्ण झाले. फक्त, जिच्याविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे तिला पद देता येत नाही, असा नियम निघाला. आणि तक्रार मागे घेतली तर प्राध्यापकांचा पुरावाच जात होता. त्यांनी ती मागे घेतली नाही. मॅडमची बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली. जाताना त्यांनी कपाटातला आपला कप्पा ओल्या फडक्याने पुसला आणि किल्ली प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवली.

"त्या दीड महिन्याची टिपणं आत आहेत. माझं नाव आहे वर. खोडून वापर."

प्राध्यापक विभागप्रमुख झाले आणि पडण्याची वाट पाहू लागले. एवढा अभ्यास वाया कसा जाईल? दारात पाऊल वाजलं की ते दचकायचे; शिपाई हार घेऊन आलेला असायचा. पहिल्या वर्षी प्रशस्तिपत्र मिळालं, दुसऱ्या वर्षी अभ्यास मंडळाचं अध्यक्षपद. झोप तेवढी उडाली, पण तिची नोंद सेवापुस्तकात होत नाही.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, जे पडतच नाहीत त्यांचं काय?"

"त्यांच्यावर नाटकं लिहीत नाहीत."

"मग काय करतात?"

"सत्कार," प्राध्यापक म्हणाले. वर्ग हसला. मागच्या बाकावरचे मोबाइल पुन्हा वर आले.

त्यानंतर प्राध्यापकांनी अध्यक्ष या नात्याने मंडळापुढे ठराव मांडला, की पाचवा अंक प्रचलित अनुभवाशी विसंगत असल्याने अभ्यासक्रमातून वगळावा. ठराव सहा मिनिटांत मंजूर झाला. नियमाप्रमाणे जनतेकडून हरकती मागवल्या गेल्या. फलकावर, संकेतस्थळावर, वर्तमानपत्रांत.

प्राध्यापक रोज सकाळी बाईंना विचारायचे, "आली का एखादी?" एक तरी यावी, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी गोदामातही नोटिशीची एक प्रत पाठवली. ती परत आली. खाली मॅडमची सही होती आणि एकच शब्द, 'वाचले'.

"लोक वाचत नाहीत का हो?"

"वाचतात की. हसतात, म्हणतात, अगदी आमच्या ऑफिसातलं आहे."

"मग कळवत का नाहीत?"

"सर, त्यांचेही कुठेतरी अर्ज असतातच."

नोटीस तुम्हीही वाचली असेल. मुदत मंगळवारी संपली. ज्यांनी काहीच कळवलं नाही, त्यांची संमती गृहीत धरण्यात आली आहे.