आगाऊ नवस

पेढे किलोला साठाचे अडुसष्ट झाले, तेव्हा मंदाकिनीला राहवलं नाही.

"अहो, पुढच्या आठवड्यात पंचाहत्तर होणारेत. दुकानदारच म्हणाला. आपण नवस आजच फेडून टाकू."

दिगंबरचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "अगं, वाढ अजून मिळायचीय. नवस असा आगाऊ फेडतात होय?"

"तेलाचा डबा नाही का आपण भाव चढायच्या आधी भरून ठेवत? आणि वाढ तर मिळणारच आहे. देवाला काय, आज काय नि एक तारखेला काय."

एक्याण्णव सालचा मे महिना. शनिवार पेठेतल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता दिगंबरची वीस वर्षं गेली होती आणि मालक अनंतराव पहिल्यांदाच "एक तारखेला बघू" म्हणाले होते. एरवी ते नुसतं "बरं" म्हणत, त्याचा अर्थ "नाही" असाच घ्यायचा असे. इकडे घरमालकानं खोलीचं भाडं दीडशेनं वाढवलं होतं. वाढ मिळाली तर पेठेत राहायचं, नाहीतर बिऱ्हाड उचलून शहराबाहेर धायरीला जायचं. मुलगी शालू दहावीत, तिची शाळा पेठेत. मंदाकिनी चार घरी पोळ्या लाटायची, तीही घरं पेठेतच. म्हणून तर ती वाढीसाठी गणपतीला सव्वा किलो पेढे बोलली होती.

बायकोचा हिशेब दिगंबरला कधी खोटा पाडता आला नव्हता. त्यानं पेढे वाहिले आणि उरलेला प्रसाद रीतीप्रमाणे छापखान्यात नेला. सगळा घोळ इथंच झाला.

"कशाचे हो दिगंबरराव?" मशीनवरच्या कादरनं विचारलं.

दिगंबर म्हणजे सरळ माणूस. खोटं बोलायला लागणारी हुशारी त्याच्याकडे नव्हती. "पगारवाढीचा नवस फेडला," तो म्हणाला.

कादरनं त्याला मिठीच मारली. बांधणीखात्यातल्या मच्छिंद्रनं मात्र पेढा तोंडात टाकला, चावला आणि तो कडू लागल्यासारखं तोंड केलं.

"तुमाला वाढ झाली? अन् आमी काय हितं माश्या मारतोय?"

"अरे, झाली नाही अजून. पेढे महागणार होते, म्हणून आधीच..."

"आगाऊ नवस?" मच्छिंद्र हसला. "म्हातारा झालो, पर असला नवस ऐकला न्हाई. मालकानं गप ऱ्हायला सांगितलं असंल, तर तसं सांगा की!"

दिगंबर जसजशा शपथा घेऊ लागला, तसतशी लोकांची खात्री पटत गेली. दुपारी मशीन थांबलं. दिगंबर सोडून बाकीचे सातजण हात पुसत मालकांच्या टेबलाशी उभे राहिले. ऐन लग्नसराई, परवाच्या लग्नाच्या पत्रिका अर्ध्या छापून पडलेल्या.

"दिगंबरला मी एक पैसा वाढवलेला नाही," अनंतराव म्हणाले.

"मग पेढे काय तुमी वाटले?" मच्छिंद्रनं विचारलं.

पत्रिकेवाला वधुपिता दारात येऊन उभा राहिला, तेव्हा अनंतरावांनी कपाळ पुसलं आणि सातही जणांना दीडशे रुपये वाढ देऊन टाकली. मशीन सुरू झालं. मग त्यांनी दिगंबरला आत बोलावलं.

"बस. तू खरं बोलतोयस, हे मला माहीत आहे. मलाच माहीत नसेल तर कुणाला?"

"मग माझे दीडशे..."

"आता कसे देऊ? तुला दिले तर बाहेरचे म्हणतील, याला दोनदा दिले. पुन्हा मशीन बंद. खरं सांगू? यंदा एकालाच वाढ द्यायची होती, आणि ती तुला. आता सातांना देऊन हात रिकामे झाले. वर्षभर कळ काढ." मालकांचा आवाज मऊ होता, तेच दिगंबरला जास्त लागलं. भांडायची सोय राहिली नव्हती.

संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं. मंदाकिनी पोळी लाटत होती, ती लाटतच राहिली.

"माझंच चुकलं," शेवटी ती म्हणाली. "आठ-नऊ रुपये वाचवायला गेले."

"अगं, मीही वाहिलेच की."

"तुम्ही नको म्हणत होतात." तिनं पदरानं डोळे पुसले. "पोरीच्या दहावीचं वर्ष हो."

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. शालू तेवढं म्हणाली, "बाबा, मी बसमध्ये अभ्यास करीन," आणि ते ऐकून दिगंबरला हुंदका फुटला.

महिनाअखेरीला टेंपो आला. सामान चढवायला छापखान्यातले सातहीजण हजर. माणसं वाईट नव्हती.

"छुपे रुस्तम निघालात, दिगंबरराव!" कपाट खांद्यावर घेत कादर म्हणाला. "आधी पगार, आता धायरीला जागा! बोलला नाहीत ते!"

"अरे, भाड्याची आहे," दिगंबर म्हणाला. यावरही कुणी विश्वास ठेवला नाही.

मंदाकिनी शालूला घेऊन पुढे बसली. मच्छिंद्र खिडकीशी आला आणि त्यानं मनापासून हात जोडले.

"वैनी, तुमचा देव लई जागृत हाय बघा. पुढच्या साली आमच्यासाठी बी एक नवस बोला."

मंदाकिनीनं मान हलवली. "बोलेन हो भाऊजी," ती म्हणाली, आणि टेंपो पेठेबाहेर पडेपर्यंत तिनं रडू आवरून धरलं.