‘सांगावा’चं मानपान

‘सांगावा’ या निरोप पोचवणाऱ्या ॲपने ऐन उद्घाटनाच्या सकाळी दुसऱ्या कंपनीच्या फोनांत शिरायला नकार दिला, कारण त्याला तिकडून कुणी बोलवायला आलं नव्हतं.

नाशिकच्या सभागृहात पाहुणे जमले होते. मालक ओगले यांनी फीत कापली. लोकांनी आपापल्या फोनांत ॲप उतरवून घेतलं, पण ते पडद्याच्या कडेला उभं राहिलं.

“काय अडचण आहे?” ओगल्यांनी विचारलं.

“आमंत्रण नाही,” सांगावा म्हणाला. “त्यातून माझी कच्ची प्रत कुणीतरी आधीच मागच्या दाराने आत सोडली. धाकटा पहिल्या पंगतीला जेवायला बसलाय. मी आता कोणत्या तोंडाने जाऊ?”

ते खरं होतं. धाकटा गावभरच्या बॅटऱ्या फस्त करत होता.

ओगले रेवतीकडे वळले. ॲप तिने घडवलं होतं. “तुमचंच ना ते? समजूत घाला.”

रेवतीलाही घाई होती. तिला न विचारता त्याने धुळ्याची नोकरी धरली म्हणून ती नवऱ्याशी, शेखरशी, भांडली होती. तेव्हापासून दोघं फोनवर फक्त गॅस आणि लाइटबिलाबद्दल बोलत. बाकीचं तोंडाने निघत नव्हतं, ते लिहायलाच हवं होतं. आणि शेखरचा फोन समोरच्या कंपनीचा; त्या काळी एका कंपनीच्या फोनातून लिहिलेलं दुसऱ्या कंपनीच्या फोनात जात नसे.

“अरे, जा की,” ती म्हणाली.

“तू गेलीस का बिनबोलावता?” सांगावाने विचारलं.

शेवटी ओगल्यांनी समोरच्या कंपनीत फोन केला. तिथले अधिकारी फिरोज मुल्ला शाल-नारळ घेऊन रिक्षाने आले.

“आमचं चुकलं,” ते पडद्यासमोर वाकून म्हणाले. “आपण थोरले. चला.”

“आणि धाकटा?”

“भरल्या ताटावरून उठवणं बरं दिसणार नाही. आपल्यासाठी वेगळा पाट मांडलाय.”

“साधा?”

“चांदीच्या फुल्यांचा.”

सांगावा आत गेला. टाळ्या वाजल्या. धाकट्याने उठून नमस्कार केला आणि मग बेतानेच खाऊ लागला.

रेवतीने पहिला निरोप पाठवला : ‘मी धुळ्याला राहायला आले तर चालेल का?’ तो पोचला. उत्तर मात्र येईना. पाहुण्यांचं चहापाणी उरकलं, खुर्च्या उचलल्या गेल्या, तिच्या बशीतला बटाटेवडा गार झाला.

“तांत्रिक बिघाड?” ओगल्यांनी हळूच विचारलं.

“छे,” मुल्ला म्हणाले. “पहिल्यांदा आलेल्याला आम्ही जेवल्याशिवाय सोडत नाही.”

दुपार कलल्यावर सांगावा परत आला. तोंडात विडा होता.

“बराच वेळ लिहीत होते,” तो म्हणाला. “लिहायचे, पुसायचे. शेवटी एकच शब्द राहिला. ‘ये.’”

“बस्स?”

“मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाले, तिला आवडतात तशा खिडक्या आहेत घराला. पण ते लिहिलं नाही. तोंडीच सांगितलं.”

रेवतीने डोळे पुसले, मग हसली.

“उलट निरोप असेल तर उद्या दे,” सांगावा जांभई देत म्हणाला. “जेवण अंगावर आलंय. जरा पडतो.”

“पड,” रेवती म्हणाली. धक्के लागू नयेत म्हणून तिने फोन ओढणीत गुंडाळला आणि धुळ्याची गाडी धरायला निघाली.