येतो हं

शिंपीकाकांनी आयुष्यात एकही कपडा वेळेवर शिवून दिला नव्हता. पण आज विमान उशिरा सुटेल या धास्तीने त्यांच्याच पोटात गोळा आला होता. लेक जहाजावर नोकरीला. वर्षभराने तिचं जहाज बंदराला लागलं होतं आणि संध्याकाळी पुन्हा निघणार होतं. तेवढ्यात तिला गाठायचं म्हणून काका-काकू जन्मात पहिल्यांदा विमानाने निघाले होते.

काकू पुढे गेल्या. विमानाकडे सोडणाऱ्या दारावरच्या मुलीने मान वर न करताच काकांचा पास तपासला.

“जा काका.”

“येतो हं, बाळ,” काका सवयीने म्हणाले आणि विमानात शिरले.

जागेवर टेकतात न टेकतात तोच पोटातल्या गोळ्याने उचल खाल्ली. काका स्वच्छतागृहात गेले आणि नेमकी तेव्हाच हवाई सुंदरीने डोकी मोजली. एक कमी भरलं. तिने दारावर फोन लावला.

“हो ना, एक काका ‘येतो’ म्हणून कुठेतरी गेलेत,” दारावरची मुलगी म्हणाली. “येतीलच, थांबू या.”

काका हलके होऊन परतले, तर विमान जागचं हलेना. एका प्रवाशासाठी खोळंबा झाल्याचं कळल्यावर त्यांचा पारा चढला.

“काय एकेक माणसं असतात. एकासाठी सगळ्यांनी ताटकळायचं? राहू दे त्याला इथेच.”

“बरोबर बोललात,” मागून कुणीतरी म्हणालं. झालं, काका उभे राहिले आणि बघता बघता अख्ख्या विमानाचे पुढारी झाले. वेळेचं महत्त्व ते इतक्या पोटतिडकीने सांगू लागले की काकूंनी त्यांचा सदरा ओढला.

“अहो, हळू बोला. एखादं गिऱ्हाईक असेल इथे.”

एवढ्यात दारावरची ती मुलगीच आत आली आणि काकांचा आवाज ओळखून थबकली.

“काका, तुम्ही इथे? ‘येतो’ म्हणून गेला होतात ना?”

“अगं, निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी?”

मग काकूंना हसू फुटलं आणि त्यांच्यामागून सगळं विमान खदखदू लागलं. काकांनी मुकाट्याने खाली बसून पट्टा आवळला.

“बरं, जाते मी,” मुलगी हसत वळली.

काकांना राहवलं नाही. “‘जाते’ काय म्हणतेस गं? ‘येते’ म्हणावं.”

“नको!” सगळं विमान एका सुरात ओरडलं.

“जाऊ दे हो तिला,” काकूंनी डोळे पुसत त्यांचा हात धरला. “आपली पोर वाट बघतेय.”