हेडसेटबद्दल सावधानरावांचं मत

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याला खऱ्या नावाने कोणीही ओळखत नव्हतं. तो प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘सावधान’ या शब्दाने करायचा, म्हणून सगळे त्याला सावधानराव म्हणत. पगाराच्या दिवशीसुद्धा ते शिपायाला म्हणत, “सावधान, पाकीट पडेल.” वर्षानुवर्षं ते लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला, शिडीवर उड्या मारू नका असं सांगत आले होते आणि लोक वर्षानुवर्षं ‘हो हो’ म्हणत उड्या मारत आले होते.

अशा माणसाला त्या शुक्रवारी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पांढरं, गुबगुबीत, डोळ्यांवर बांधायचं यंत्र होतं. दोन दिवसांपूर्वी एक विक्रेता ते घेऊन आला होता आणि तेव्हापासून ऑफिसात कामाचं नाव नव्हतं. हिशेबनीस ते डोक्याला लावून डोंगरावरून घसरले होते. टायपिस्ट बाईंनी शार्क बघून अशी किंकाळी फोडली होती की कारखान्यातल्या लोकांना जेवणाची सुट्टी झाली असं वाटलं होतं. (आणि ते जेवून परतही आले होते.)

“विक्रेता म्हणतो, याच्यावर कामगारांना आगीचं शिक्षण देता येतं,” साहेब म्हणाले. “खरी आग न लावता. पण सगळे नुसते उड्या मारतायत. एवढं कौतुक करण्यासारखं यात खरोखर काही आहे का, ते कळेना. तुम्ही दोन दिवस घरी न्या, वापरून बघा आणि मला तुमचं मत सांगा.”

तुमचं मत! सावधानरावांना क्षणभर वाटलं, साहेब मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाशी बोलतायत. त्यांनी वळूनही पाहिलं. मागे फायलींचं कपाट होतं. आजवर त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. घरी बायको भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारायची, पण ते सासऱ्यांना. पडद्यांचा रंग ठरला तेव्हाही सावधानरावांना स्टुलावर चढून पडदे लावायला तेवढं बोलावलं होतं. म्हणून तो खोका छातीशी धरून घरी येताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. (तरी रस्ता त्यांनी दोन्हीकडे बघूनच ओलांडला.)

शनिवारी सकाळी त्यांनी सोबतची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कोणी वाचतं का कधी? पण सावधानराव वाचतात. पुस्तिकेत लिहिलं होतं की यंत्र वापरताना आजूबाजूची जागा मोकळी असावी, सामान बाजूला सरकवावं. दुसऱ्या कोणी टीपॉय जरा भिंतीकडे लोटला असता आणि खेळायला लागला असता. सावधानरावांनी विचार केला, की बाजूला सरकवलेलं सामान त्याच खोलीत राहतं आणि जे खोलीत राहतं त्याला माणूस कधी ना कधी धडकतोच.

“अगं, सावधान,” ते बायकोला म्हणाले, “हॉल रिकामा करायचाय.”

“कशाला? रंग द्यायचाय?”

“मत द्यायचंय.”

सामान जाणार कुठे? झोपायच्या खोलीत पलंगाशिवाय पाय ठेवायला जागा नव्हती. स्वयंपाकघराचं नाव काढण्याची सावधानरावांची छाती नव्हती. राहिला बाहेरचा पॅसेज. घर पहिल्या मजल्यावर होतं, दारासमोर जिन्याला लागून ऐसपैस पॅसेज होता. पहिला टीपॉय गेला. मग चपलांचं कपाट. मग समोरच्या वहिनींच्या आणि खालच्या काकांच्या मदतीने सोफा गेला, त्याच्यामागे लांब वायरसकट टीव्ही गेला. शेवटी हॉलमध्ये एकच वस्तू उरली. ती म्हणजे अण्णांची आरामखुर्ची, अण्णांसकट.

अण्णा, म्हणजे सावधानरावांचे वडील, निवृत्त तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर ते त्या खुर्चीत बसले होते ते जेवणखाण आणि झोप सोडल्यास उठले नव्हते.

“अण्णा, जरा उठता का?”

“मी काय करतोय तुझं?”

“तुम्ही मोकळ्या जागेत येताय.”

“मी इथे आहे म्हणजे ती मोकळी कशी?” अण्णांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. शेवटी खालच्या काकांनी एक बाजू धरली, सावधानरावांनी दुसरी धरली आणि अण्णा वर्तमानपत्र वाचता वाचता दाराबाहेर गेले. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको म्हणून सावधानरावांनी पॅसेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नियमाप्रमाणे वाट सोडली, फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि भिंतीवर बाणही काढून लावला.

मग दार लोटून घेऊन, रिकाम्या हॉलच्या बरोबर मध्यावर उभं राहून त्यांनी हेडसेट डोक्याला बांधला आणि बटण दाबलं. एक अद्भुत जग डोळ्यांसमोर उघडलं. समोर सोफा होता. टीपॉय होता. कोपऱ्यात दिवा, खिडकीत पडदे, भिंतीवर टीव्ही होता. यंत्र सुरू केलं की आधी माणूस एका सुरेख दिवाणखान्यात येतो आणि तिथून मग हवा तो कार्यक्रम निवडतो, अशी ती योजना होती. म्हणजे अख्खा दिवाणखाना घराबाहेर काढून सावधानराव दिवाणखान्यातच उभे होते!

दुसरा कोणी वैतागला असता. पण मत द्यायचं तर सगळं नीट पाहायला हवं. त्यांनी पडदे पाहिले. (रंग बरा होता, पण विचारतो कोण?) सकाळपासून सामान उचलून कंबर मोडली होती. समोर तो मऊ, गुबगुबीत सोफा होता. सावधानराव दोन पावलं मागे गेले, वळले आणि मोठ्या समाधानाने सोफ्यावर बसले.

घर हादरलं.

“काय पडलं हो?” बाहेरून बायकोचा आवाज आला.

“काही नाही!” सावधानराव फरशीवरून, डोळ्यांतलं पाणी यंत्राच्या आत जिरवत म्हणाले. “मत बनतंय!”

इकडे पॅसेजमध्ये वेगळीच गंमत सुरू झाली होती. अण्णा बसले होते ते नेमके जिन्याच्या तोंडाशी आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पिवळ्या पट्टीमुळे त्यांच्या पुढ्यातूनच जात होता. इतक्या वर्षांची सवय ती. पहिला माणूस वर जायला निघाला तसा अण्णांनी आपोआप हात पुढे केला. “कुठे निघालात?” त्या बिचाऱ्याने घाबरून सगळं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई थांबल्या, सोफ्यावर टेकल्या. समोरच्या वहिनी बिस्किटं घेऊन आल्या. खालचे काका तर सामान उचलायला आले होते ते परत गेलेच नाहीत. बायकोने दोनदा चहा टाकला आणि तिसऱ्यांदा वहिनींनी टाकला. संध्याकाळी टीव्हीवर मॅच लागली तेव्हा बसायला जागा उरली नव्हती आणि लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले होते. त्या इमारतीत लोक इतकी वर्षं राहत होते, पण एकमेकांना फक्त पाणी गेल्यावरच भेटत होते.

“हे तुमच्या मुलाचं यंत्र भारी आहे हो अण्णा,” खालचे काका म्हणाले.

“तर काय,” अण्णा म्हणाले. “मी तर म्हणतो, प्रत्येक घरात असावं.”

रविवारी सावधानरावांनी खऱ्या कामाला हात घातला. कार्यक्रमाचं नाव होतं ‘कारखान्यात आग’. बटण दाबताच चारी बाजूंनी ज्वाळा उठल्या. सावधानरावांची पाचावर धारण बसली, पण त्याचबरोबर आयुष्यभर ज्या क्षणाची तयारी केली तो समोर उभा ठाकल्याचा आनंदही झाला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, “आजूबाजूच्या लोकांना सावध करा.”

“आग! आग!” सावधानराव बेंबीच्या देठापासून ओरडले. “सगळ्यांनी बाहेर पडा!”

बाहेर पडण्यासारखं कोणी आत नव्हतंच. सगळं बिऱ्हाड आधीच पॅसेजमध्ये होतं. आणि नेमके त्याच वेळी मोठे साहेब जिना चढून आले. इकडून चाललो होतो, म्हटलं चाचणी कशी चाललीय ते पाहावं, इतकाच त्यांचा हेतू होता. अण्णांनी हात पुढे केला.

“कुठे निघालात?”

साहेब दचकले. “मी... यांचा साहेब. आत कोण ओरडतंय? आग लागलीय का?”

“छे, छे. मुलगा आहे. मत बनवतोय. बसा ना.”

साहेबांनी दाराच्या फटीतून डोकावून पाहिलं. त्यांचे सुरक्षा अधिकारी डोळ्यांवर पांढरा डबा बांधून, चार पायांवर, रिकाम्या खोलीतून रांगत चालले होते आणि मधूनच थांबून फरशीला म्हणत होते, “घाबरू नका, माझ्या मागे या.” साहेबांनी दार हळूच परत लोटलं आणि सोफ्यावर बसून घेतलं.

सावधानराव ‘धुराच्या खालून’ सरपटत निघाले. “जवळच्या सुरक्षित खोलीत जा,” बाई म्हणाली. त्यांच्या हाताला दार लागलं. ते न्हाणीघराचं होतं. “दार लावून घ्या. मदत येईपर्यंत जागा सोडू नका.” सावधानरावांनी कडी घातली, बादलीला पाठ टेकली आणि ते मदतीची वाट पाहू लागले.

बराच वेळ गेला. मग अचानक डोळ्यांपुढे काळाकुट्ट अंधार पसरला. यंत्राची बॅटरी संपली होती. पण सावधानरावांच्या मनात बॅटरीचा विचार कसा येणार? धूर दाटला असं त्यांना वाटलं आणि त्यांनी चाचपडत टॉवेल ओढला, तो नळाखाली भिजवून नाकातोंडाला गुंडाळला आणि ते आणखी खाली वाकून बसले. (नियमच आहे तसा. पाठ आहे त्यांना.) आता तसूभर जरी शिस्त ढळली तर सगळं मत वाया, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

अखेर दारावर थाप पडली.

“अहो, आत आहात का?”

“आहे! किती जण आलात?”

“किती जण म्हणजे? मी एकटीच.”

“बाकीचे सुखरूप आहेत ना?”

“बाकीचे मॅच बघतायत. कडी काढा आधी, मला हात धुवायचेत.”

सावधानरावांनी कडी काढली. बायकोने हेडसेटवरून गुंडाळलेला तो ओला टॉवेल पाहिला आणि आधी हात धुतले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

“तुमचे मोठे साहेब येऊन गेले,” हात पुसत ती म्हणाली.

सावधानरावांनी टॉवेल नाकावरून खाली ओढला. “कधी?”

“तुम्ही जळत होतात तेव्हा. चांगले तासभर बसले. दोनदा चहा घेतला. निघतच नव्हते.”

“मग मला हाक नाही मारलीस?”

“तुम्हीच तर काल सांगितलंत, चाचणी चालू असताना मला हात लावायचा नाही, धोका असतो म्हणून.”

“काही विचारलं त्यांनी? यंत्राबद्दल?”

“विचारलं ना. अण्णांना. चांगलं आहे का म्हणून.”

“आणि अण्णा?”

“म्हणाले, उत्तम. हे घरात आल्यापासून माझं आयुष्य बदललं.”

त्या रात्री सावधानरावांना नीट झोप लागली नाही. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. उभ्या जन्मात एकदा कोणी मत विचारलं, ते घ्यायला माणूस स्वतः दारात आला आणि आपण बादलीला टेकून बसलो! पण अजून सोमवार हातात होता. पडल्या पडल्या त्यांनी मनात मत घोळवलं आणि खरं सांगायचं तर ते चांगलं तयार झालं. यंत्र विलक्षण आहे. आग पाहून अंगाला घाम फुटतो. पण ते डोक्याला लावलं की शेजारी काय चाललंय याचा माणसाला पत्ता लागत नाही आणि सुरक्षेची सुरुवात तर तिथूनच होते. तेव्हा एकच घ्यावं, एका वेळी एकालाच द्यावं आणि शेजारी एक जागा माणूस उभा करावा. असं स्वच्छ, नेमकं मत त्यांना स्वतःलाही कधी सुचलं नव्हतं.

सकाळी ते सामान आत घ्यायला निघाले तर बायको म्हणाली, “घाई काय आहे? आज संध्याकाळी शिंपीणबाई माहेरचे फोटो दाखवणार आहेत.” अण्णांनी तर पिवळी पट्टी ओलांडल्याबद्दल मुलालाच हटकलं.

सावधानराव तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खोका टेबलावर ठेवला, घसा साफ केला.

“सावधान, साहेब. माझं मत असं आहे की...”

“अहो, झालं ते,” साहेब म्हणाले. “दहा हेडसेटची ऑर्डर दिली सकाळीच. तुमचे वडील म्हणजे काय माणूस आहे हो! एका शब्दात सांगितलं.”

“पण साहेब, अण्णांनी तो डोक्याला लावलासुद्धा नाही! वापरला मी!”

“ते पाहिलं मी, दाराच्या फटीतून,” साहेब जरा खाली बघत म्हणाले. “म्हणूनच म्हटलं, ज्याने वापरलेला नाही अशाला विचारावं.”

सावधानरावांनी खोका टेबलाच्या कडेपासून जरा आत सरकवला. ते स्वच्छ, नेमकं मत आतल्या आत फिरत राहिलं. साहेबांना बहुधा दया आली असावी. त्यांनी टेबलाखालून एक लालभडक सिलिंडर काढला.

“हे बघा, आग विझवायचे नवे सिलिंडर घ्यायचेत. हा नमुना आलाय. एवढी मोठी खरेदी नुसत्या विक्रेत्याच्या भरवशावर मी करणार नाही. तुम्ही आजच हा घरी घेऊन जा.”

सावधानरावांची छाती पुन्हा फुगली. या वेळी एकही शब्द वाया घालवायचा नाही, असं ठरवून त्यांनी सिलिंडर दोन्ही हातांनी, वाकून, नियमाप्रमाणे उचलला. ते दारापर्यंत पोचले तेव्हा साहेबांनी मागून हाक मारली.

“आणि उद्या सकाळी न विसरता मला सांगा, अण्णा काय म्हणतात ते.”