पहिल्या ओळीतली सतरंजी

कळंब्याच्या भरमाप्पा गुरुजींच्या योगवर्गात पहिल्या ओळीत मधोमध कुणाची सतरंजी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आकारामची! शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतनं रिटायर झाल्यापासून गड्यानं एका सकाळचा खाडा केला नव्हता. आसन दाखवायचं झालं की गुरुजी त्यालाच समोर घ्यायचे. त्याची पाठ जुन्या दारासारखी, थोडीच उघडणार आणि तीही करकरत. पण रुबाब असा, की बघणाऱ्याला वाटावं योग ह्यानंच काढला. चहाच्या टपरीवर तो छातीठोकपणे सांगायचा, "गुरुजींच्या मागं वर्ग कोण चालवणार? मीच की!"

अशात डेन्मार्कहून लार्स आला. योग शिकायला म्हणून हृषीकेशला गेलेला, तिथल्या गर्दीला कंटाळला, आणि कुणीतरी गुरुजींचं नाव सांगितलं म्हणून थेट कळंब्यात उतरला. वर तिथंच सहा महिने मोबाईलवर मराठी शिकून आलेला! पहिल्याच दिवशी तो गुरुजींच्या पाया पडला आणि गुरुजी लोण्यासारखे विरघळले. पावणं समुद्र ओलांडून आल्यात, त्यांना पुढं बसू दे, म्हणाले. झालं, आकारामची सतरंजी गेली तिसऱ्या ओळीत, झुंबरबाईंच्या शेजारी. या झुंबरबाई श्वास घ्यायच्या गुपचूप, पण सोडताना त्याच्याबरोबर सुनेचं एक गाऱ्हाणंही सोडायच्या.

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. लार्स बसल्या बसल्या असा वाकायचा, की कपाळ अलगद गुडघ्याला. गुरुजी म्हणायचे, "वा!" इतक्या वर्षांत गुरुजी आपल्याला एकदा तरी 'वा' म्हणाले होते का, हे आकाराम आठवून बघायचा आणि आठवलं नाही की आणखी जळायचा. घरी आल्यावर बायकोला, बाळाबाईला, समजावून सांगायचा की थंडीत वाढलेल्या माणसाची हाडं मऊच असतात, त्यात कौतुक काय करायचं? बाळाबाई म्हणायची, मग तुम्ही पण फ्रीजमध्ये बसा.

योग दिन जवळ आला. सकाळी हॉल कुणाच्या तरी बारशाला दिलेला, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठरला. गुरुजींनी जाहीर करून टाकलं, की आकाराम आणि लार्स दोघांनी स्टेजवर आसन करायचं आणि ज्याचं कपाळ गुडघ्याला टेकेल, त्याची सतरंजी कायमची पुढं. आकारामची झोपच उडाली. आपलं कपाळ टेकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग लार्सचंही टेकू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा!

आणि मग त्याला युक्ती सुचली. कोल्हापूरच्या माणसाला सुचून सुचून दुसरं काय सुचणार? त्यानं लार्सला योग दिनाच्याच दुपारी जेवायला बोलावलं. पावणं मटण खात नव्हते, म्हणून पुरणपोळीचा बेत. लार्सला तुपात बुडवायचा, आपण एका पोळीवर उठायचं. चार वाजता वाकतोय कसा ते बघूच!

एक वाजता दोघं समोरासमोर पाटावर बसले. ठरल्याप्रमाणं आकारामनं एक पोळी संपवली आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला. बाळाबाईला या कटाचा पत्ताच नव्हता. तिनं डोळे वटारले.

"पावणं जेवत्यात आणि तुम्ही हात धुताय? असली रीत हाय व्हय आपल्यात?"

आणि त्याच्या ताटात दुसरी पोळी पडली. वरून तुपाची धार. लार्स मान खाली घालून खात होता, गुरुजींनी सांगितल्याप्रमाणं एकेक घास बत्तीस वेळा चावून. मधेच आकारामच्या ताटाकडं बघायचा आणि परत चावायला लागायचा. केवढा अधाशी हा, आकाराम मनात म्हणाला. चौथी झाली, पाचवी झाली. सहाव्या पोळीला आकारामनं पट्टा सैल केला. बाळाबाईचा आनंद काही विचारू नका, तिच्या हातचं असं चवीनं नवऱ्यानं कधी खाल्लंच नव्हतं. नवव्या पोळीला पुरण संपलं म्हणून सुटका, नाहीतर दोघंही आज पाटावरच असते.

हात धुताना लार्स पोटावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काका, माझ्या पुस्तकात लिहिलं आहे, यजमानाच्या आधी पाहुण्याने हात धुऊ नये. मी चौथ्या पोळीपासून तुमची वाट पाहत होतो."

मग लार्स अर्धा तास वज्रासनात बसला आणि ताजातवाना होऊन उठला. आकारामनंही बसायचा प्रयत्न केला, पण पँटीचं बटण तेवढं सुटलं.

चार वाजता हॉल खचाखच. स्टेजवर लार्स वाकला, कपाळ गुडघ्याला! टाळ्या! मग आकाराम वाकला. म्हणजे त्यानं वाकायचं मनावर घेतलं. कपाळ आणि गुडघा यांच्या मधे नऊ पोळ्या होत्या. तो एका अंगावर कलंडला, तिथून उताणा झाला आणि तसाच राहिला. गेला वाटतं, झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

गुरुजी खाली वाकले. आकाराम पुटपुटला, "गुरुजी, उठवंना."

गुरुजींची तीस वर्षं शाळेत गेलेली. साहेब तपासणीला आले की पोरांच्या चुका कशा झाकायच्या, हे त्यांना शिकवायला नको. त्यांनी माईक घेतला.

"मंडळी, हे शवासन! दिसायला सोपं, पण जमायला जन्म जातो. बघा चेहऱ्यावर काही चिंता हाय काय? वा!"

गुरुजींच्या तोंडून आपल्यासाठी 'वा' आलं! पण आकारामनं ते ऐकलंच नाही, तो घोरायला लागला होता. टाळ्यांनी हॉल दणाणला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा आडवा फोटो आला, लार्सचा नुसता कोपर. आकारामनं पाच पेपर घेतले आणि छाती काढून वर्गावर गेला. सतरंजी सरळ पहिल्या ओळीत, मधोमध टाकली. लार्स हात जोडून बाजूला सरकला.

पण तासभर एकेक आसन दाखवायला गुरुजींनी लार्सलाच उभं केलं. आकाराम आतल्या आत धुमसत होता. तास संपत आला, तेव्हा कुठं गुरुजींनी हाक मारली.

"आकाराम, या की पुढं."

आकाराम उठला, मिशीवर हात फिरवला, लार्सकडं एक तिरकी नजर टाकली आणि सगळ्या वर्गाच्या समोर जाऊन ताठ उभा राहिला.

"हं," गुरुजी म्हणाले, "आता पडा."