डेक वाळेपर्यंत

सगळं सुरू झालं चहाच्या एका थेंबापासून. एखाद्या शहाण्या माणसाने त्या थेंबावर पाय ठेवून विषय संपवला असता. पण थेंब सांडला होता भिंगरीच्या हातून, आणि भिंगरीची शहाणपणाशी फारशी ओळख नव्हती.

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बँकेतल्या त्याच्या टेबलावरच्या पाटीवर चांगलं भारदस्त नाव आहे. भिंगरी हे सासऱ्यांचं बारसं. लग्नाचं बोलायला तो त्यांच्या घरी पहिल्यांदा गेला, तेव्हा खुर्चीवर बसला, उठला, पंखा हळू केला, बसला, पुन्हा उठला आणि भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. (ते सरळच होतं. त्याने ते वाकडं केलं.) तो गेल्यावर सासरे लेकीला म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं, पण पायाला भिंगरी लागलीय." पुढे ती पायाची भिंगरी सगळ्या माणसालाच चिकटली.

सासरे घड्याळजी. सारी हयात एका स्टुलावर, डोळ्याला भिंग लावून गेलेली. माणूस इतका स्वस्थ की गिऱ्हाइकं विचारायची, "काका, जागे आहात ना?" आता दुकान बंद केलेलं, सासूबाई वारलेल्या, घरात एकटेच. भिंगरीच्या बायकोच्या जिवाला एकच घोर होता, की बाबांनी आता कायमचं आपल्याकडे राहायला यावं. बाबांची हरकतही एकच होती, आणि ती बँकेत कामाला होती.

मागच्या खेपेला बाबा आले तेव्हा, "बाबा, जरा पाय वर घेता? खालून झाडू मारतो." "बाबा, जरा उठता? खुर्ची डुगडुगतेय." "बाबा, जरा सरकता? तुमच्या डोक्यावरचा बल्ब बदलतो." शेवटी बाबांनी सामान भरलं. म्हणाले, "निघतो. गाडीत निदान कुणी उठवत नाही."

त्यातल्या त्यात या घरात त्यांना आवडलेली जागा म्हणजे मागचा डेक. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून लाकडी फळ्यांचा ऐसपैस ओटा, कडेला कठडा, दाराशी एक जुनी घडीची खुर्ची. या खेपेला ते लेकीच्या आग्रहाखातर येऊन, चार दिवस राहून काय ते ठरवणार होते. रविवारी त्यांना घेऊन येते म्हणून बायको निघाली आणि दारातून मागे वळली.

"अहो, माझं एक काम कराल?"

"दहा सांग!"

"एकही करू नका."

त्याने मान डोलावली, आणि मनापासून डोलावली. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो डेकवर गेला तोसुद्धा काही न करण्यासाठीच. तेवढ्यात तो थेंब सांडला.

त्याने ओल्या फडक्याने पुसला. फडक्याखालून लाकडाचा स्वच्छ, उजळ ठिपका निघाला आणि त्याच्या शेजारी बाकीचा डेक एकदम कळकट दिसायला लागला. मग त्याने ती अख्खी फळी पुसली. आता ती एकच फळी कवळीतल्या नव्या दातासारखी चमकायला लागली, म्हणून शेजारची घासली. साबण आला, ब्रश आला, बादल्या आल्या. मळाबरोबर जुना रंगही पोपडे धरून निघायला लागला, आणि दुपार व्हायच्या आत डेकला खरूज झाल्यासारखी कळा आली. असा डेक बाबांना दाखवायचा कसा? नसती उठाठेव निस्तरायला आणखी उठाठेव करणं भाग होतं. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"हे रिमूव्हर," दुकानदार म्हणाला. "लावायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेला रंग खरवडून धुवायचं."

"थांबायलाच हवं का?"

दुकानदाराने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "थांबायला हवं. मग लाकूड खडखडीत वाळू द्यायचं. मग हा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, अक्रोडी. पातळ हात मारायचा, वर राहील तो पुसून घ्यायचा आणि पूर्ण दिवस त्याला बोट लावायचं नाही."

"मग दिवसभर करायचं काय?"

"बसायचं."

आठवडाभरात दोन माणसांनी त्याला हाच सल्ला दिला होता. पण पालथ्या घड्यावर पाणी! रिमूव्हर त्याने लावलं, डेक घासला, धुतला. लाकूड वाळेना, तेव्हा घरातला टेबलफॅन बाहेर आणला. पंखा कमी पडतोय असं वाटलं, तेव्हा बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि गुडघ्यांवर रांगत एकेका फळीचे केस वाळवले. लाकूड आत ओलंच होतं, पण वरून कोरडं दिसल्याबरोबर त्याने स्टेन फासला, तोही जाड. (एका हातात काम झालं तर दुसरा हात कशाला मारायचा, हा बँकेतला हिशेब.) उन्हं उतरता उतरता काम संपलं. डेक खरोखर देखणा दिसत होता, आणि त्याला मनापासून वाटलं की आता बाबा नक्की राहणार.

आता फक्त तो वाळायचा होता. आणि वाळण्याच्या कामात माणसाला करण्यासारखं काहीच नसतं.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्याने डेकच्या कडेला अंगठा टेकवला. अंगठा चिकटला आणि ठसा उमटला. ठसा बुजवायला त्याने ब्रश फिरवला. ब्रशची जागा वाळली का, हे बघायला पुन्हा अंगठा टेकवला. कुंपणापलीकडून शेजारच्या नर्सबाई हे सगळं बघत होत्या.

"काय चाललंय भाऊ?"

"वाळलं का बघतोय."

"मग डोळ्यांनी बघा. हात कशाला?"

"हात लावल्याशिवाय कळणार कसं?"

"खपली धरली का बघायला आम्ही रोज जखम उचकटत नाही," असं म्हणून बाई आत गेल्या.

त्याला पटलं. तो आत येऊन बसला. बसवेना. उठून त्याने बागेच्या पायऱ्यांपाशी दोरी बांधली, पुठ्ठ्यावर 'ओले आहे' असं लिहून दोरीला लावलं. (स्वयंपाकघराच्या दाराला लावलं नाही. तिकडून कोण येणार?) मग आणखी एकदा अंगठा. मग दुसऱ्या बाजूने, कठड्याशी. डेक बिचारा आपल्या परीने वाळत होता, हाच त्याला वाळू देत नव्हता.

दुपारी तो न्हाणीघरात अंगठा रॉकेलने चोळत असताना पुढचं दार वाजलं. बायकोने आपल्या किल्लीने उघडलं होतं. ती टॅक्सीतलं सामान उतरवायला मागे थांबली आणि बाबा मात्र सरळ स्वयंपाकघरातून त्यांच्या लाडक्या जागेकडे निघाले. भिंगरीला आधी कडी वाजलेली ऐकू आली, मग दाराआड घडी करून ठेवलेली खुर्ची डेकवर मांडल्याची ओळखीची कुरकुर.

"बाबा! ओलं आहे!" असं ओरडत तो अनवाणी धावला आणि थेट डेकच्या मधोमध जाऊन पोचला.

"थांबा!" बाबा गरजले. त्यांचा आवाज चढलेला घरात कुणी कधी ऐकला नव्हता. भिंगरी जागच्या जागी थिजला.

बाबांनी खाली वाकून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या चपलांचे दोन ठसे, जावयाची दारापासून निघालेली अनवाणी पावलं, आणि कडेकडेने अंगठ्यांची रांग.

"हे अंगठे कुणाचे?"

भिंगरीने हात मागे घेतला. तेवढ्यात बायको दारात आली. तिने डेक पाहिला, ठसे पाहिले, आणि तिचा चेहरा असा उतरला की ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

"एवढंच सांगितलं होतं मी तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "काही करू नका."

भिंगरीला पुढचं सगळं दिसायला लागलं. बाबा आता उठणार, सामान उचलणार, आणि ही वर्षभर बोलणार नाही. बोलली नाही तर एक वेळ चालेल, पण ती रडली तर काय करायचं?

"बाबा, या आत," ती म्हणाली. "मी पुढच्या खोलीत खुर्ची टाकते."

"छे. उठलो तर आणखी ठसे उमटतील. रंग बरा लावलाय, नासवायचा कशाला? मला बसायची सवय आहे." मग ते जावयाकडे वळले. "तुम्हीही हलायचं नाही. वाळेपर्यंत."

"बाबा, पण वाळायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

बायकोने फरशी पुसायच्या दांड्याच्या टोकाला कपाचा कान अडकवून चहा बाबांपर्यंत पोचवला. भिंगरीपर्यंत दांडा पोचला नाही. त्याला बाबांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय दिसत होता, कठड्याचा सुटलेला खिळा दिसत होता, कुंपणापलीकडे हसणाऱ्या नर्सबाईही दिसत होत्या. हात नुसते शिवशिवत होते.

"बाबा, तुमच्या खुर्चीचा पाय..."

"हं?"

"काही नाही."

बाबांनी चहा संपवला, पाय पसरले, डुलकी काढली. जागे झाले तेव्हा ऊन कठड्यावरून खाली उतरलं होतं आणि जावई होता तिथेच, होता तसाच उभा होता. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. बिघडलेलं घड्याळ नीट चालू लागलं की बघायचे तसे.

"पोरी," त्यांनी आत हाक मारली, "माझं बाकीचं सामान कधी आणायचं? राहतो मी इथे."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. भिंगरीची छाती फुगली.

"मला वाटलंच होतं बाबा, डेक तुम्हाला आवडणार म्हणून!"

"हा रंग टिकतो किती?"

"दुकानदार म्हणाला, पाच वर्षं बघायला नको."

बाबांनी मान हलवली. "फार झाली. पोरी, यांना दर शनिवारी एक हात मारायला सांग. म्हणजे रविवारी मी इथे बसत जाईन आणि हे तिथे उभे राहत जातील."