कुरंगी डॉट इनची चतुःसीमा

माझ्या स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचा एक स्टीलचा डबा आहे. डब्यावर नाव घातलेलं आहे, पण ते कुणा माणसाचं नाही. ‘कुरंगी डॉट इन’ असं ठसठशीत कोरलंय आणि खाली तारीख. असाच डबा आमच्या मालेगावात, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, निदान दीडशे घरांत सापडेल. इंगोलेभाऊंनी मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटले होते.

“भाऊ, पोरीचं नाव घालायचं, जावयाचं घालायचं. हे काय घातलं?” मी मांडवातच विचारलं.

“पोरगी जाईन सासरी. वेबसाइट तर घरीच राहीन ना?”

सुशीलावहिनी बाजूलाच उभ्या होत्या. “लोकायच्या भांड्यावर नवऱ्याचं नाव असते, माह्या भांड्यावर गाडीचं हाये,” त्या म्हणाल्या. “आता मंगळसूत्रावरही घाला म्हणा.”

दिगंबर इंगोले हे माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या शेताच्या धुऱ्या-बांधांवर उन्हात उभं राहण्यात गेली. निवृत्त झाले, पण टेप काही खिशातून गेली नाही. माझी कपडे वाळत घालायची तार त्यांच्या हद्दीत नऊ इंच येते, असं त्यांनी मला एकदा लेखी कळवलं. लेखी! आणि वर पोच मागितली. ‘आधी हद्द दाखवा’ हे त्यांचं पालुपद. वहिनी म्हणाल्या की आज भाजीत मीठ जरा जास्त पडलं, तर हे म्हणणार, “जरा म्हंजे किती? हद्द दाखवा.”

कुरंगी ही त्यांची गाडी. कंपनीनं ती बनवायचं फार पूर्वीच थांबवलं. अंगणात टिनाच्या शेडखाली ती उभी असते, एकेकाळी हिरवी होती म्हणतात. दर रविवारी भाऊ तिला मेडशीपर्यंत नेतात आणि परत आणतात. परत आणताना कधी कधी ट्रॅक्टर लागतो.

वेबसाइट मात्र मी केलेली आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भाऊ आले, म्हणाले, कुरंगीवाले सगळे विखुरले आहेत, त्यांना एक ठिकाण पाहिजे. मी नाव नोंदवून दिलं. ईमेल विचारला तर म्हणाले, “मले कुठं ईमेल? तुमचाच टाका, ताई.” मी टाकला. माझ्या आयुष्यात मी फार चुका केलेल्या नाहीत, पण ही एक पुरेशी मोठी होती.

साइटवर कार्बोरेटर कसा उघडावा याचे फोटो आहेत, आणि प्रत्येक फोटोत भाऊंचा अंगठा आहे. खाली प्रश्न विचारायची पेटी आहे. कुठून कुठून जुने गाडीवाले त्यात लिहितात. भाऊ रोज दुपारी दुकानात येऊन उत्तरं सांगतात, मी टाइप करते. माणूस विचारतो हॉर्न वाजत नाही, आणि भाऊ बॅटरीच्या शोधापासून सुरुवात करतात.

तर अशात, पीक विम्याच्या फॉर्मची ऐन गर्दी चालू असताना, माझ्या ईमेलवर दिल्लीच्या वकिलांचं पत्र आलं. कंपनी आता विजेवर चालणारी नवी गाडी काढते आहे आणि तिला जुनंच नाव देणार आहे, कुरंगी. हे नाव कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे. तेव्हा ‘कुरंगी डॉट इन’ आम्हाला देऊन टाका, नाहीतर प्रकरण लवादाकडे जाईल. असे नावांचे तंटे कोर्टात न जाता लवाद मिटवतो आणि सगळा कारभार ईमेलवर चालतो, हे मला तेव्हा कळलं. कुणाच्या ईमेलवर, ते सांगायला नको.

मी भाऊंना पत्राचा अर्थ सांगितला. “म्हणतात, तुमी वाईट हेतूनं त्यायचं नाव बळकावलं.”

भाऊंचा चेहरा उतरला. “बळकावलं? मी? अवं, सारी जिंदगी मी लोकायचे अतिक्रमण काढले.” मग सावरून बसले. “लिहा ताई. मौजे इंटरनेट.”

“काय?”

“मौजे इंटरनेट येथील कुरंगी डॉट इन या मिळकतीची चतुःसीमा खालीलप्रमाणे.”

“भाऊ, इंटरनेट म्हंजे मौजे नाई.”

“मंग काय, नगरपंचायत हाये? लिहा. शोधलं की आपल्या वरती कोण येते?”

“कंपनी.”

“उत्तरेस कंपनी. खाली?”

“कुरंगी ड्रेसेस म्हणून कोणीतरी हाये.”

“दक्षिणेस कापडाचं दुकान. पूर्व-पश्चिम?”

“पूर्व-पश्चिम काही नसते. बाजूले जाहिराती असतात.”

“सरकारी पडीत टाका.”

रांगेत विम्याचे अकरा शेतकरी उभे होते. त्यातल्या एकानं सुचवलं की मोजणीचा नकाशाही जोडावा. मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

अशी चार पानं दिल्लीला गेली. मी इंग्रजीत जमेल तेवढा शहाणपणा घातला, पण चतुःसीमा काढू दिली नाही भाऊंनी. मग तिकडून पुरावे मागितले गेले. नाव किती वर्षांपासून वापरता, कशासाठी वापरता? आणि इथे भाऊंना डबे आठवले. डब्यावर नाव, नावाखाली तारीख, आणि ती तारीख कंपनीनं नवी गाडी जाहीर करायच्या कितीतरी आधीची.

पुढचे आठ दिवस माझ्या दुकानात लोक डबे घेऊन येत होते. कुणी साखरेचा, कुणी शेवयांचा. किन्हीराजाहून एक आजीबाई एसटीनं आल्या, डबा मांडीवर घेऊन. त्यात आंब्याचं लोणचं होतं. “रिकामा कसा आणू?” त्या म्हणाल्या. “लग्नातला डबा हाये.” मी एकेका डब्याचा फोटो काढत होते आणि भाऊ मागून सांगत होते, “लोणचं येऊ देऊ नका फोटोत, ते दिल्लीवाले म्हणतीन धंदा हाये.” सगळं झाल्यावर रीतसर पंचनामा, पाच पंचांच्या सह्या. पहिली सही माझी.

आणि खरं सांगते, त्या डब्यांनी काम केलं. वकिलांच्या पुढच्या पत्रातून ‘वाईट हेतू’ बराच मऊ झाला. पण त्यांना दुसरं काहीतरी सापडलं होतं. साइटच्या कोपऱ्यात भाऊंच्या जावयाच्या टायर दुकानाची जाहिरात होती. म्हणजे धंदा आलाच.

“आत्ताच्या आत्ता काढून टाकू,” मी म्हटलं.

“हात लावू नका. पंचनामा झाल्यावर हद्दीचा दगड हलवत नसतात.”

“भाऊ, हरू आपण.”

“हरू तर हरू. पण दगड जिथं होता तिथंच सापडला पाह्यजे.”

असल्या माणसाच्या बाजूनं भांडणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला वर ओढावं आणि त्यानं खालून दोर तपासत बसावं, असं आहे.

शेवटी कंपनीच्या वकीलबाईंचा मला फोन आला. बाई सभ्य होत्या, हिंदीतून बोलल्या. म्हणाल्या, लवाद काय ठरवेल ते सांगता येत नाही, आपण मिटवून टाकू. इंगोलेजींनी हे नाव द्यावं आणि दुसरं कुठलंही घ्यावं, ‘जुनी कुरंगी’ म्हणा, काही म्हणा. कंपनी कधी हरकत घेणार नाही. सगळी पानं नव्या पत्त्यावर हलवून देऊ. नवी गाडी येईल तेव्हा पहिल्या रांगेत बोलावू.

मी जवळजवळ पळतच शेजारी गेले. भाऊ अंगणात गाडीचं बॉनेट पुसत होते. मी सगळं सांगितलं.

“नाव नाई देत,” ते म्हणाले.

माझा संयम तिथे संपला. “महिनाभर मी लोकायचे फॉर्म सोडून तुमची मोजणी करून राह्यली! माहं दुकान हाये की भांड्यायचं? नाव बदललं तर काय आभाळ कोसळते? तोच कार्बोरेटर, तोच तुमचा अंगठा! काहून एवढा हट्ट?”

वहिनी दारात आल्या आणि त्यांनी मलाच हातानं थांबायची खूण केली. हे मला जरा विचित्र वाटलं. एरवी त्या माझ्याच बाजूनं असतात.

भाऊंनी फडकं घडी करून ठेवलं. “तुमच्या फोनवर ते प्रश्न दिसतात ना? रायपूरचे काढा.”

मी काढले. नाव नव्हतं, नुसतं ‘एक गाडीवाला, रायपूर’. दर तीन-चार महिन्यांनी एक प्रश्न, तोच. ‘मागचं डावं दार अजून उचलून लावावं लागते काय?’ आणि खाली भाऊंची उत्तरं. माझ्याच हातानं टाइप केलेली, आणि इतर उत्तरांच्या मानानं फारच आखूड. ‘होय. लागते.’ इतकीच.

“कुरंगीचं सगळ्यायचंच दार तसं असन,” मी म्हटलं.

“नाई. आपल्याच गाडीचं हाये. मेडशीच्या वळणावर बाबूनं झाडाले ठोकली होती.”

बाबू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गाडी दोघांनी मिळून घेतली होती. पुढे शेताची वाटणी निघाली तेव्हा बाबू म्हणाला, दादा, बाहेरचा माणूस नको, तूच मोज. यांनी मोजलं. बाबूनं स्वतः खपून खोदलेली विहीर यांच्या हिश्श्यात निघाली. यांनी तसं लिहिलं. बाबू आपला हिस्सा विकून रायपूरला गेला तो गेलाच.

“मोजणीत चूक नव्हती, ताई. मी दोनदा मोजलं.” मग त्यांनी गाडीचं मागचं डावं दार उचलून नीट लावलं. “मोजून झाल्यावर विहीर त्याले देता आली असती. ते मले तो गेल्यावर सुचलं.”

“मग फोन करा न त्याले.”

“काय बोलू?”

“दाराचं सांगा.”

“ते तर इथं सांगतोच.” त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. “त्याले एवढाच पत्ता ठाऊक हाये. उद्या इथं भलतीच गाडी दिसली, तर तो कोणाले विचारीन?”

मला रडूबिडू आलं नव्हतं. मला फॉर्म भरायचे होते. मी म्हटलं, “भाऊ, नाव त्यायले देऊन टाका. पण त्या जागेवर आपला फलक लावून मागू.”

त्यांनी विचार केला. “फलक किती बाय किती?”

“ते मी पाहते. मजकूर सांगा.”

चार पानांची तयारी ठेवून मी वही उघडली. त्यांनी दोन ओळी सांगितल्या. ‘बाबू, गाडी अंगणातच हाये. दार तसंच हाये.’ खाली नवा पत्ता. बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकीलबाईंना फोन लावला. नाव द्यायला तयार आहोत म्हटल्यावर त्या खूश झाल्या. मग मी मजकुराचा अर्थ सांगितला आणि त्या सावध झाल्या. कंपनीच्या पानावर धंद्याचा मजकूर चालणार नाही, म्हणाल्या. हे दार काय आहे? सुटे भाग विकता का?

“नाही.”

“मग हे बाबू कोण?”

“त्यांचा धाकटा भाऊ.”

“मग त्यांनाच कळवा ना. फोन नाही का त्यांच्याकडे?”

“आहे,” मी म्हटलं. “दोघांकडेही आहे.”

बाईंनी दोन्ही ओळी पुन्हा सांगायला लावल्या आणि लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, फलक तीन महिने ठेवू.

मी म्हटलं, वर्षभर.

सहा महिने, त्या म्हणाल्या. कंपनीला विचारावं लागेल.

“विचारा. वर्षभर. आणि पानाच्या अगदी वरती, मोठ्या अक्षरांत,” मी म्हटलं. “त्यालाही आता चष्मा लागला असेल.”